रोबोट पुसून घ्या

मी रोबोट टेबलावर ठेवला. हात मागं घेतला. तोवर बाईनं पाकिटातून ओला टिश्यू ओढला होता.

आधी डोकं पुसलं. मंग छाती. मंग ते दोन हात, ज्यांचे पंजे मी आत्ताच तारेनं बांधून सरळ केले होते. मानेच्या खाचेत बोट घालून पुसलं. पाठीच्या झाकणाचे स्क्रू पुसले. टिश्यू चिमटीत धरला, कचऱ्याच्या डब्याचं झाकण पायानं उघडलं आणि आत सोडला. मंग रोबोट लेकीकडं सरकवला.

"घे सई. आता खेळ."

आता. हा एक शब्द.

मी तिथंच बसलेले. टेबलाच्या ह्या बाजूला. घरून निघताना हात धुतले होते, त्यांच्या फाटकाजवळच्या नळावर परत धुतले होते. हाताला सोल्डरिंगचा वास होता, बाकी काही नव्हतं. तरी पुसला. माझ्या समोर. मी तिथं नसल्यासारखं.

त्या टिश्यूला लिंबाचा वास होता. गोडसर, थंड, दवाखान्यात येतो तसला. आजबी कुठं तो वास आला की मी तिथून उठते.

तोंडावर मी तिला मॅडम म्हणायचे. अहो-जाहो करायचे. इथं करणार न्हाई. इथं ती बाई.

मी बदनापूरची. जालन्याच्या तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि तिथंच शहरात एका रोबोटिक्सच्या क्लासमधी शिकवायला लागले. क्लास म्हंजे एका कॉम्प्लेक्सच्या वरच्या मजल्यावरची खोली. मालकाला आम्ही सर म्हणायचो. शाळेची लेकरं यायची, मोटरी, चाकं, सेन्सर जोडून काहीतरी हलतं-फिरतं करायची आणि खुश होऊन जायची. मला हे काम आवडायचं. बिलकुल मनापासून. प्लास्टिकच्या पोटात वायरी बराबर जोडल्या की ते उठून चालायला लागतं. हे बघताना लेकरांचं तोंड जसं व्हायचं तसंच माझं बी व्हायचं.

ह्या घरी मला सरांनीच पाठवलं. नव्या कॉलनीतला बंगला. माणसं मूळची मंठ्याकडची, तिकडं अजून मोठी शेती, इथं बियाणांचा व्यापार. बाई एम.एस्सी. झालेली. हॉलमधी तिचा पदवीच्या टोपीतला फोटो. एकच लेक, सई, चौथीत शिकणारी. तिच्या मामानं दुबईहून रोबोट पाठवला होता. पांढरा, गुडघ्याएवढा उंच, निळ्या डोळ्यांचा. बटण दाबलं की सरळ चालायचा, डोळे चमकवायचा, इंग्रजी गाणं म्हणायचा. बस. समोर भिंत आली तरी चालतच राहायचा. भिंतीला छाती घासत जागच्या जागी पाय हलवायचा.

सई मला म्हणाली, "दीदी, हा मूर्ख आहे. ह्याला शहाणा करा."

तेच माझं काम होतं. त्याच्या पोटातलं मूळचं बोर्ड काढायचं, त्या जागी आमचं छोटं कंट्रोलर बसवायचं. मोटरींना वेगळा ड्रायव्हर, म्हंजे त्यांना करंट पुरवणारी पट्टी, द्यायचा. कपाळावर अंतर मोजणारा सेन्सर लावायचा, म्हंजे समोर कुणी आलं की तो थांबंल. बोलण्यासाठी एक मॉड्यूल, एक बारका स्पीकर, त्याच्यापुढं छातीला जाळी. हातात ताटली धरता येईल असे पंजे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला रोबोटनं तिळगुळाची ताटली घेऊन बायकांसमोर जावं, अशी बाईची हौस होती. तोवर मी त्यांच्या घरी जायचं, सईला शिकवत शिकवत तिच्यासमोर रोबोट घडवायचा, असं ठरलं.

पहिल्या दिवशी बाई मला "तुम्ही" म्हणाली. सोफ्यावर बसवलं. काचेच्या ग्लासात पाणी दिलं. मंग विचारलं, "कुठल्या तुम्ही?"

"बदनापूरची."

"बदनापूरमध्ये कुठं?"

गावाचं नाव सांगून आमच्यासारख्याचं भागत न्हाई. गल्ली सांगावी लागते. मी सांगितली. लपवायचं काय होतं त्यात. बाईच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं, डोळ्यातलं निघून गेलं.

"अच्छा," ती म्हणाली. "मग खाणंपिणं घरूनच आणत असशील."

असशील. एका वाक्यात मी तुम्हीची तू झाले.

पुढच्या खेपेला पाणी कागदी कपात आलं. बसायला सोफा न्हाई. हॉलच्या मागं, स्टोअर रूमच्या दाराशी प्लास्टिकचं टेबल मांडलेलं. आणि टेबलावर ओल्या टिश्यूचं पाकीट.

मी मनाला समजावलं. कोरोनापासून लोकांना सवय लागली. शिकलेली बाई आहे, जंतूंची भीती असंल. एकुलती एक लेक, काळजी असंल. कागदी कप काय, धुवायचा ताप वाचतो. आपला अपमान झाला न्हाई हे स्वतःला पटवायला माणूस किती डोकं चालवतो. सर्किटमधला बिघाड शोधायला मी कधी तेवढं चालवलं नसंल.

घरी मायला सांगितलं. माय कापूस वेचून आल्ती. बोंडांच्या टोकांनी बोटांना चिरा पडल्या होत्या. भाकर थापता थापता ती म्हणाली, "मोठ्या घरी जातीस तं तसंच राहणार. तुला काय त्यांच्या ताटात जेवायचं हाय? काम कर न् ये."

"माय, पुसून राह्यली ती. मी हात लावलेलं."

मायनं भाकर उलटली. मंग खाली बघूनच म्हणाली, "आम्हाला तं वरून पाणी वतायचे. ओंजळीत."

असं म्हणाली, जसं काही माझं लई बरं चाललंय.

रोबोट शहाणा होत होता. त्याच्या कपाळाला भोकं पाडून मी सेन्सर बसवला. दोन गोल जाळीदार डोळे, निळ्या डोळ्यांच्या वर. सई मोबाइलचा टॉर्च धरायची. हुशार लेकरू. लाल वायर कुठली, काळी कुठली, सेन्सर आवाज पाठवतो आणि परत आलेला आवाज ऐकून अंतर ओळखतो, हे एकदा सांगितलं की तिला परत सांगावं लागायचं न्हाई. मी वायर सोलायची, ती टोकं पिळून द्यायची. "दीदी, मी पिळलेली बराबर आहे ना?" म्हणायची. बराबर असायची.

ज्या दिवशी रोबोट पहिल्यांदा भिंतीच्या अलीकडं थांबला, वळला आणि दुसरीकडं चालायला लागला, त्या दिवशी सई नाचायलाच लागली. माझे दोन्ही हात धरून गोल फिरली. मी बी फिरले. मला वाटलं, ह्या घरात एक तरी माणूस आहे.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "सई. हात धू."

तिनं माझे हात सोडले आणि गेली. बेसिनचा नळ सुटलेला मला ऐकू येत होता. साबण लावून, सावकाश, पुन्हा पुन्हा.

त्यानंतरची गोष्ट. मी मानेचा सांधा काढून परत बसवला आणि रोबोट सईकडं दिला. सईनं घेतला न्हाई. पाकिटातून टिश्यू ओढला. आधी डोकं, मंग छाती. जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यात धरून, चित्र रंगवावं तसं मन लावून. मानेच्या खाचेत बोट घालून. आई घरात नव्हती. कुणी सांगितलं नव्हतं.

"सई, हे काय करतीस?"

"पुसते."

"का पुसतीस?"

तिला प्रश्नच समजला न्हाई. म्हणाली, "दीदी, तुम्ही हात लावला ना."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तुच्छता बी नव्हती. घरात येताना चपला काढायच्या असतात, हे सांगावं तसं सांगितलं. मी शिकवलेलं जेवढ्या जल्दी शिकायची तेवढ्याच जल्दी हे बी शिकली होती. एकाच टेबलावर दोन शिकवण्या चालू होत्या, आणि मला माझ्याच शिकवणीची खबर होती.

मी उठून बाहेर गेले. फाटकाशी उभी राहिले. लेकराचा राग नव्हता आला. किळस आली होती. नऊ-दहा वर्षांच्या, अजून दुधाचा दात पडायचा बाकी असलेल्या पोरीच्या बोटांत कुणीतरी घाण भरली होती, आणि ती त्या बोटांनी मलाच साफ करून राह्यली होती.

तरी मी काम सोडलं न्हाई. रोबोट अर्धा उघडा पडला होता आणि हातातलं काम अर्ध्यावर टाकवत न्हाई मला. अजून एक होतं. मला वाटत होतं, बायकांसमोर तो चालला की बाई म्हणेल, हे हिनं केलं. एवढंच ऐकायचं होतं.

मधी एकदा सर काम बघायला आले. सरांना सर्दी झाली होती. रुमालानं नाक पुसत पुसत आत आले. त्यांना सोफ्यावर बसवलं, बशीत भजे आले, काचेच्या ग्लासात पाणी आलं. भजे खाता खाता त्यांनी रोबोट मागवला. उलटा केला, पोटातून बघितला, तेलकट बोटांनी सेन्सर दाबला, पंजे हलवले. त्याच्या डोक्यावर शिंकले सुद्धा. "सॉरी, सॉरी," म्हणाले. बाई हसली. "अहो, चालतंय." आणि सरांनी तो तसाच सईच्या मांडीवर ठेवला.

मी पाकिटाकडं बघत होते. पाकीट तिथंच होतं. कुणाचाच हात तिकडं गेला न्हाई. बाईचा न्हाई. सईचा न्हाई.

जंतूंचा विषय तिथं संपला. कोरोनाचा बी संपला. मी स्वतःसाठी रचलेली सगळी कारणं एका शिंकेत गेली.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी सरांना सांगितलं. पाण्याचं सांगितलं, टिश्यूचं सांगितलं. ते गाडीला चावी लावत म्हणाले, "ध्यान नको देऊ. मोठं घर आहे. त्यांच्या ओळखीनं अजून लेकरं येतील आपल्याकडं. तू फक्त रोबोट बराबर कर."

"सर, तुमचा हात त्यांनी पुसला न्हाई."

सर मोबाइल बघायला लागले. मोबाइलवर काहीच आलं नव्हतं. मला दिसत होतं.

हळदीकुंकवाच्या दिवशी मी दुपारीच गेल्ते. हॉलमधी गालिचा अंथरला होता, त्यावर चाकं अडकतात का ते बघायचं होतं. मी रोबोटच्या पायाखाली बारकी चाकं बसवली होती, म्हंजे चालताना ताटली हलणार न्हाई. चालवून बघितला. ताटली घेऊन सरळ आला. माझ्या तळहातासमोर थांबला. सईच्या आवाजात बोलला, "नमस्कार. तिळगूळ घ्या." तो आवाज आम्ही दोघींनी मिळून भरला होता. मी ताटलीतली कागदाची गोळी उचलली तसा मागं वळून गेला. एकदम बराबर. मला लई बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

"छान," बाई म्हणाली. "आता तू मागं थांब. काही लागलं तर बोलावते."

मागं म्हंजे मागच्या अंगणात. धुण्याच्या दगडापाशी. तिथं बसायला काही नव्हतं. मी दगडाच्या कडेवर बसले. बाजूला ओले पोछे वाळत घातलेले.

ऊन उतरायला लागलं तशा बायका आल्या. अत्तराचा वास मागच्या खिडकीतून येत होता. बांगड्या, हसणं, साड्यांच्या गोष्टी. मंग सईचा आवाज, स्पीकरमधून. "नमस्कार. तिळगूळ घ्या." आणि बायकांचं कौतुक. "अगंबाई, बोलतोय की हा." "थांबला बघ माझ्यासमोर." मी खिडकीकडं कान लावून बसले. आता बाई म्हणेल. आता म्हणेल, मागं बसलीय ती पोरगी, तिनं केलं.

"कुणी बनवला?" कुणीतरी विचारलं.

"सईनं," बाई म्हणाली. "क्लास लावलाय तिला."

थोड्या वेळानं रोबोटचा आवाज ओढल्यासारखा झाला. "नम... नमस्..." घशात काहीतरी अडकल्यासारखा. ताटली पडल्याचा आवाज आला. हसणं आलं, पण आधीचं न्हाई, दुसरं. मागचं दार उघडलं. बाईनं रोबोट जुन्या टॉवेलात गुंडाळून आणला होता. मागं सई, परकर-पोलक्यात.

बाईनं रोबोट धुण्याच्या दगडावर ठेवला. "बघ काय झालंय. गोल गोल फिरतोय. सगळा तिळगूळ सांडला. लवकर कर, बायका बसल्यात."

मी स्क्रू काढले. झाकण उघडलं. आधी वास आला. गोठ्याचा वास मला नवा न्हाई, त्याचं मला काही वाटत बी न्हाई. हा तसा नव्हता. बाटलीत कोंडून ठेवलेला, आंबलेला, आणि वर जळक्या प्लास्टिकचा. आत पिवळं पाणी साचलं होतं. मोटर ड्रायव्हर त्यात बुडालेला. स्पीकरला तुळशीच्या पानाचा तुकडा चिकटलेला. माझी बोटं त्या पाण्यात गेली होती.

"ह्याच्यात पाणी कसं गेलं?"

सई म्हणाली, "पाणी नाही दीदी. गोमूत्र आहे. आईनं बाटलीतलं शिंपडलं. तिळगूळ न्यायचा होता ना."

"सई, आत जा," बाई म्हणाली.

पण सईला मला नीट समजावून सांगायचं होतं. मी तिला समजावून सांगायचे तसं. ती म्हणाली, "बाहेरून आम्ही पुसलंच होतं. पण तुम्ही आतून पण सगळीकडं हात लावलाय ना. आतून पुसता येत नाही. म्हणून आईनं छातीच्या जाळीतून ओतलं."

आतून पुसता येत न्हाई.

मी हात वर धरला. बोटांवरून ते पाणी मनगटापर्यंत आलं. माझा हात काढून टाकायचा होता त्यांना. वायरीवरून, स्क्रूवरून, मी टाकलेल्या सोल्डरच्या एकेका टाक्यावरून. त्यासाठी जनावराचं मूत ओतलं. जनावराचं मूत माझ्या हातापेक्षा साफ. एम.एस्सी. झालेल्या बाईनं हे केलं. हॉलमधी टोपी घातलेला फोटो लावून.

"अगं, थोडंसंच टाकलं," बाई म्हणाली. "देवाधर्माचं असतं. आम्ही सगळ्याच नव्या वस्तूंवर शिंपडतो. तू मनावर घेऊ नको. पुसून सुकवून चालू कर ना."

"न्हाई करत."

"म्हणजे?"

"मी नीट केला तं परत माझा हात लागंल. परत तुम्हाला ओतावं लागंल."

"आता ह्या वेळी वाद घालणार आहेस का? आत बायका बसल्यात."

"बसू द्या."

"तुझ्या सरांना फोन लावते मी."

"लावा."

माझा आवाज चढला नव्हता. मलाच नवल वाटत होतं. आतापर्यंत मला वाटायचं, असं बोलायचं तर लई ताकद लागत असंल. काही लागलं न्हाई. किळस पुरली.

मी तो उघडा रोबोट उचलला आणि तिच्यासमोर धरला. "घ्या. तुमचा आहे."

तिनं सवयीनं हात पुढं केले. मी रोबोट तिच्या हातात सोडला. पिवळं पाणी तिच्या बोटांवरून रेशमी साडीच्या काठावर गळलं. तिनं झटकन हात काढून घेतले. रोबोट दगडावर आपटला. त्याचा एक हात निखळून मोरीकडं गेला. बाईनं बोटं नाकापासून लांब धरली, तोंड वाकडं केलं, आणि बोटं पुसायला इकडंतिकडं काहीतरी शोधायला लागली.

तिच्याच बाटलीतलं. तिनंच ओतलेलं. माझ्यावर पवित्र, तिच्या बोटाला घाण.

"दीदी, उचला ना," सई म्हणाली.

मी वाकले सुद्धा. सवय. अर्ध्यात थांबले, सरळ झाले.

"तू उचल, सई. मला तुझ्या घरातलं काही उचलायचं न्हाई."

मला मागच्या बोळातून जाता आलं असतं. बाहेरून वळसा घालून चपला घेता आल्या असत्या. त्या दिवशी मी हॉलमधून गेले. गालिच्यावरून. तिळगुळाचे तुकडे अजून सांडलेले होते. दाराजवळच्या एका पाहुणीला मी कोण ते माहीत नव्हतं. तिनं चांदीचा करंडा उचलला आणि बोट कुंकवात बुडवून माझ्या कपाळाकडं नेलं. "अगं, अशी कशी चाललीस? कुंकू लावून जा."

"आधी माझी गल्ली विचारा," मी म्हणाले.

तिचं बोट तसंच राहिलं, हवेत. मी चपला घातल्या आणि पुढच्या दारानं बाहेर पडले.

बसस्टँडवर येईपर्यंत मी काही धरलं न्हाई, कशाला टेकले न्हाई. हात अंगापासून लांब धरून चालत आले. स्टँडच्या मागच्या भिंतीशी वांती झाली. मंग नळावर हात धुवायला बसले. साबण नव्हता, तर मातीनं घासले. परत घासले. नखातून घासले. पाणी भरायला आलेली एक म्हातारी म्हणाली, "बाई, किती घासतीस? कातडं निघंल."

मी थांबले. हाताकडं बघितलं. लाल झालेला. घासून घासून पोळलेला. आणि मला समजलं, मी काय करून राह्यले होते ते. तो वास कधीच गेला होता. मी माझा हात त्यांच्या डोळ्यानं बघत होते. इतके दिवस बघत होते. फाटकाजवळच्या नळावर हात धुऊन आत जायचे, ते कुणी सांगितलं होतं मला? कुणीच न्हाई. मी आपली धुवायचे. त्यांनी पुसायच्या आधी मीच स्वतःला पुसून घ्यायचे.

ही किळस मला सगळ्यात जास्त आली. बाईची आली त्याच्यापेक्षा जास्त. नळ बंद केला. हात झटकले. ओल्या हातानंच बसचा दांडा धरला आणि चढले.

मायला सगळं सांगितलं. आतून पुसता येत न्हाई, हे बी. मायनं माझा पोळलेला हात धरला, उलटा केला, सुलटा केला. तिची चिरा पडलेली बोटं माझ्या हाताला खरखर लागली. मला वाटलं, ती आता म्हणेल, आपल्याला सहन करावंच लागतं. ती म्हणाली, "जाऊ नको परत." एवढंच. माझ्या आयुष्यात मायनं पहिल्यांदा मला कुठंतरी जाऊ नको म्हणून सांगितलं.

मंग सर घरी आले. बदनापूरला, आमच्या गल्लीत, पहिल्यांदाच. बाजेवर बसले. मायनं पाणी दिलं, ते हातात धरून बसले.

"त्यांना बी वाईट वाटलंय," ते म्हणाले. "गैरसमज झाला म्हणतात. फोनवर सॉरी म्हणायला तयार आहेत. तू रोबोट तेवढा परत नीट करून दे. सई रडते म्हणे."

"फोनवर न्हाई," मी म्हणाले. "त्यांनी सईसमोर म्हणायचं. मी समोर असताना. सॉरी बी नको. एवढंच म्हणायचं, की सई, मी तुला दीदीचा हात पुसायला शिकवलं ते खोटं होतं."

"ते कसं म्हणतील?"

"तोंडानं."

सर बाहेर जाऊन फोनवर बोलले. लई वेळ बोलले. परत आले ते उभेच राहिले. "त्या म्हणतात, लेकीसमोर आम्ही मान खाली घालायची का?"

"हो."

"मंग जमायचं न्हाई."

"माझं बी न्हाई जमायचं."

"विचार कर. क्लास चालवायचा आहे मला. अशी भांडखोर म्हणून नाव झालं तं लोक लेकरं पाठवणार न्हाईत."

"मी येत न्हाई सर उद्यापासून."

ते गेले. पाणी तसंच राहिलं होतं. मायनं ते कुंडीत ओतलं आणि ग्लास घासायला घेतला. का घासला ते तिनं सांगितलं न्हाई. मी विचारलं न्हाई.

त्या घरचा रोबोट दुसऱ्या कुणीतरी नीट करून दिला. चालतो म्हणे. वाढदिवसाला केकची ताटली घेऊन फिरला. बाईचं काही बिघडलं न्हाई. कुणी तिला काही विचारलं न्हाई. जालन्यात तिच्या ओळखीच्या घरांमधी माझी ओळख आता अशी आहे, की शिकवते चांगली पण डोकं गरम आहे. दोन ठिकाणचं शिकवणीचं बोलणं ठरत आलेलं मोडलं. आता मी शेतातल्या मोटरींच्या स्टार्टरचे बोर्ड दुरुस्त करते. आमच्याच घराच्या ओट्यावर. मोटर बंद पडून पीक वाळायला लागलं की कुणाला माझी गल्ली आठवत न्हाई. बोर्ड घेऊन येतात, बसतात, चहा घेतात. काहीजण चहा नको म्हणतात. त्यांना मी सांगते, मंग बोर्ड बी दुसरीकडं न्या. नेतात बिचारे. नेऊ दे.

मला समजवायला येणारे लई आहेत. आमच्यातले बी आहेत. म्हणतात, एवढ्याशा टिश्यूचं काय घेऊन बसलीस, जग पुढं गेलं. मी त्यांना विचारते, जग पुढं गेलं तर ती बाटली त्या घरात कशी आली. मंग ते म्हणतात, लेकराचा काय दोष होता, त्या लेकराला तरी नीट बोलायची.

लेकराचा दोष न्हाई. म्हणून तर सोडणार न्हाई.

सई मोठी होईल. हुशार आहे, इंजिनिअर बी होईल. जालना काही लई मोठं न्हाई, कधीतरी समोर येईल. दीदी म्हणून हाक मारली तरी मी विरघळणार न्हाई. तेव्हा लहान होतीस म्हणून सोडून दे, असं म्हणणार न्हाई. तिला थांबवीन. तिच्या आईनं काय ओतलं, कशावर ओतलं आणि का ओतलं, ते तिच्या तोंडावर सांगीन. तिची आई सोबत असली तर आईसमोर सांगीन. गोड करून सांगणार न्हाई. एक शब्द कमी करणार न्हाई.